येळवसच्या रात्रीचा प्रश्न: ताऱ्यापर्यंत कुणी गेलं नाही, मग कळतं कसं?

ताणाबाणा · शनिवार, रात्री ९:५०

काल येळवस झाली. सोलापूर-लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पुजायचे, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. दिवस कलला की बहुतेक जण घरची वाट धरतात. आम्ही यंदा थोरल्या भावाच्या शेतात, अक्कलकोटच्या पुढं, रात्रीही थांबलो.

अमावास्या, ज्वारी पोटरीत आलेली, वारा पडलेला. सोलापुरात आमच्या गच्चीवरून वीस-पंचवीस तारे दिसले तरी पुष्कळ. तिथं मान वर केली आणि सगळ्यांचं बोलणंच थांबलं. अकराच्या सुमाराला मृग चांगला वर आला तेव्हा वडील म्हणाले, "मृगाचा पाऊस पडतो तेव्हा हा मृग आभाळात हुडकून सापडत नाही. सूर्यच त्याच्या घरात गेलेला असतो." मी इतकी वर्षं मृग लागला, मृग लागला म्हणत आलो, पण त्याचा हा अर्थ कधी मनात आला नव्हता.

माझी पुतणी नववीत आहे. ती म्हणाली, "काका, आर्द्रा तांबडी दिसते, राजन्य निळसर पांढरा दिसतो. पुस्तकात लिहिलंय की एक गार आणि एक तापलेला. ताऱ्यात हायड्रोजन आहे असंही लिहिलंय. तिथं कुणी गेलं नाही, तिथलं कुणी काही आणलं नाही. मग लिहिणाऱ्याला कळलं कसं?"

मी टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो. गिऱ्हाईक वीतभर नमुना टेबलावर टाकतं. तो कुठं विणला, कुणी विणला, आम्हाला काही माहीत नसतं. भिंग लावून इंचात ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती ते मोजायचं, सूत कितीचं ते बघायचं, नक्षीवरून जेकार्डचं कार्ड कसं पंच केलं असेल ते काढायचं. माग न बघता माग कळतो. मी तिला म्हटलं, ताऱ्याचा उजेड हा तसाच नमुना आहे, वाचता यायला पाहिजे. पण तो वाचतात कसा, हे नीट सांगता आलं नाही. इथं जाणकार आहेत, म्हणून हा धागा काढला. नववीच्या मुलीला पटेल असं सांगा.

वर्णपट · शनिवार, रात्री १०:३५

ताणाबाणा, नमुन्याची उपमा अगदी बरोबर आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, माझ्या वर्गात ही उपमा आता वापरणार.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सोडियम कुठंही तापवा, सोलापुरात तापवा नाहीतर सूर्यावर, तो हाच पिवळा देणार. हा उजेड लोलकातून रंगांच्या पट्ट्यात फाकवला (या पट्ट्यालाच वर्णपट म्हणतात) की ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास अगदी शेजारी शेजारी दोन रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या आहेत आणि एकाच्या दुसऱ्याला नाहीत.

१८१४ साली फ्राउनहोफर नावाच्या जर्मन काचकामगाराने सूर्याचा वर्णपट फार बारकाईने पाहिला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्ट्यात त्याला शेकडो बारीक काळ्या रेषा दिसल्या. त्या कसल्या हे त्याला माहीत नव्हतं, तरी त्याने एकेक मोजून नोंदवली. पुढे १८३५ मध्ये ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही. पंचवीस वर्षं गेली नाहीत तोच, १८५९-६० मध्ये, हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी ज्योतीत क्षार धरून त्यांच्या रेषा सूर्याच्या काळ्या रेषांशी ताडून बघितल्या. सोडियमच्या दोन्ही रेषा सूर्यात नेमक्या त्याच जागी काळ्या! सूर्याच्या बाहेरच्या, मानाने गार थरातला सोडियम आतून येणाऱ्या उजेडातला तेवढाच रंग शोषून घेतो, म्हणून तिथं काळी रेघ.

घरी करून बघायचं असेल तर जुनी सीडी घ्या. तिरपी धरून तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, रंगांचे सुटे सुटे पट्टे दिसतात. मग पिवळ्या उजेडाचा साधा बल्ब बघा, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसेल. सीडी सूर्याकडे मात्र धरायची नाही, मुलीला हे बजावून सांगा.

आणि रंगाचं तिने बरोबर हेरलंय. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडं होतं, जास्त तापलं की पिवळं, मग पांढरं. आर्द्रेचा पृष्ठभाग साधारण ३,५०० अंश, राजन्याचा १२,०००च्या आसपास.

सीनाकाठ · शनिवार, रात्री ११:१०

आमच्याकडं मृगातल्या मधल्या तीन चांदण्यांना तिकांडं म्हणत्यात. आजी सांगायची, घरात घड्याळ नव्हतं तेव्हा हिवाळ्यात तिकांडं कुठं आलंय ते बघून रात्री उठून ज्वारीला पाणी धरायला निघायचे. आजी शाळेत गेली नाही, पण तिकांडं रोज जरा लवकर उगवतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाचतोय, लिहा अजून.

देवगडी · रविवार, सकाळी ८:०५

सूर्याच्या रेषांचा विषय निघालाय तर आमच्या विजयदुर्गाचं नाव यायलाच हवं. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला. त्या निरीक्षणासाठी बांधलेले म्हणून काही ओटे आजही किल्ल्यावर दाखवतात. पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडलेलं मूलद्रव्य, आणि तेही आमच्या सिंधुदुर्गातून!

भीमातीर · रविवार, सकाळी १०:२०

देवगडी, तुमचा अभिमान समजतो आणि विजयदुर्गावर ग्रहण खग्रास होतं यात शंका नाही. पण लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. त्याने हेलियमची पिवळी रेघ पाहिली ती २० ऑक्टोबर १८६८ला, लंडनमध्ये, ग्रहण नसताना. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा ग्रहणाशिवाय बघायची युक्ती त्याने आधीच योजून ठेवली होती, फक्त उपकरण हातात यायला उशीर झाला. ग्रहणाच्या वेळी गुंटूरला होता तो फ्रेंच जान्सेन. ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी त्यानेही त्या ग्रहणाशिवाय पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली.

आता आम्हा सोलापूरकरांसाठी. त्याच ग्रहणाच्या वेळी एक इंग्रज पथक जमखंडीला होतं आणि कॅप्टन हेग विजापूरला. म्हणजे आपल्या विजापूर रोडने सरळ गेलं तर शंभरेक किलोमीटरवर! जमखंडीच्या पथकात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. ऑगस्टमधलं आभाळ, ढगांची धावपळ, मिनिटं मोजून मिळालेली. तरी ज्वाळांच्या वर्णपटात सुट्या तेजस्वी रेषा त्यांना दिसल्याच. सुट्या रेषा म्हणजे तापलेला वायू. त्या ज्वाळा कशाच्या, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

पिवळी रेघ आधी सगळ्यांना सोडियमचीच वाटली. वर्णपट यांनी सांगितलेल्या ५८९च्या जोडीला ती चिकटूनच आहे, ५८७.६ला. एवढ्याशा फरकावर लॉकियर अडून बसला की हे सोडियम नव्हे, दुसरंच काही आहे. विल्यम रॅमसेला ते पृथ्वीवरच्या खनिजात सापडायला १८९५ उजाडलं. सत्तावीस वर्षं एक मूलद्रव्य फक्त उजेडाच्या साक्षीवर उभं होतं.

देवगडी · रविवार, दुपारी १:४५

शाळेपासून ऐकत आलो, त्यामुळं पचवायला थोडा वेळ लागेल. पण तारखेनिशी सांगितलंत, मानतो. पुढच्या वेळी पाहुण्यांना किल्ला दाखवताना हीच हकिकत सांगेन, विजापूर-जमखंडीसकट. सावली मात्र आमच्या समुद्रावरूनच तुमच्याकडं आली होती, तेवढं राहू द्या.

वर्णपट · रविवार, दुपारी ३:३०

भीमातीर, फार छान. हेलियमचा धागा सोडू नका, तो पुढं विश्वापर्यंत जातो. मध्ये एक पायरी सांगायला हवी.

रेघ दिसली म्हणजे द्रव्य आहे, हे ठीक. पण किती आहे? इथं अनेक वर्षं लोक फसले. सूर्यात लोखंडाच्या रेषा ढिगाने दिसतात, म्हणून सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा आहे असं धरून चालले होते. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी समीकरण दिलं की अमुक तापमानाला अमुक अणूंतले किती इलेक्ट्रॉन सुटलेले असतील. त्यातून कळलं की रेघ ठळक की फिकट हे तापमानावर फार अवलंबून असतं. साहा त्या वेळी सत्तावीस वर्षांचेही नव्हते. सेसिलिया पेन या तरुणीने ते समीकरण हार्वर्डमध्ये साठवलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं आणि १९२५च्या प्रबंधात उत्तर काढलं: तारे मुख्यतः हायड्रोजनचे, त्याखालोखाल हेलियमचे, बाकी सगळं चिमूटभर. हेन्री नॉरिस रसेलसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने तिला सांगितलं की हे शक्य नाही. तिने प्रबंधात लिहिलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतःच वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचला. वर्गात हे सांगताना मला दर वेळी गलबलून येतं.

आज सूर्याचा हिशेब वजनाने असा: सुमारे ७३-७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्क्यांच्या आसपास हेलियम, आणि लोखंड, प्राणवायू, कार्बन सगळं धरून दोन टक्क्यांच्या आत. तुमच्या पुतणीला सांगा, तिच्या पुस्तकातल्या त्या एका ओळीमागं बंगालमधला एक मुलगा आणि इंग्लंडमधली एक मुलगी आहे.

मुळापासून · रविवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. रेषांचं पटलं, कारण ते घरच्या ज्योतीवर ताडून बघता येतं. अंतरांचं मात्र पटत नाही. इतकी प्रकाशवर्षं, तितकी प्रकाशवर्षं, फूटपट्टी कुठाय? हबलने विश्व प्रसरण पावतंय म्हटलं तेव्हाचा प्रसरणाच्या वेगाचा आकडा आणि आजचा आकडा यांत सातपट फरक आहे असं वाचलंय. सातपट चुकणाऱ्या मोजणीवर विश्वाचं वय कसं ठरवता? आणि आपल्या नारळीकरांनाच महास्फोट मान्य नव्हता. मग आम्ही का मानावा? वादासाठी विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

कृत्तिका · सोमवार, पहाटे ५:४०

मुळापासून, प्रश्न अगदी मुळाचा आहे. जरा लांब लिहिते.

पहिली फूटपट्टी म्हणजे आपलीच पृथ्वी. डोळ्यासमोर बोट धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जाते, हे आपले दोन डोळे. जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांच्या पुढं इवलासा सरकतो. १८३८ मध्ये बेसेलने हंस समूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं हे सरकणं मोजलं आणि अंतर काढलं, सुमारे ११ प्रकाशवर्षं. किती बारीक मोजायचं होतं बघा: सोलापुरात उभं राहून नान्नजच्या वाटेवर चौदा किलोमीटर पुढं धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढं. २०१३ साली उडालेल्या गाया उपग्रहाने १८० कोटींवर तारे टिपले आणि त्यांतल्या बहुतेकांचं असं सरकणं मोजलं. इथपर्यंत निव्वळ भूमिती आहे, कुणावर विश्वास टाकायची गरजच नाही.

पण फार लांब गेलं की सरकणं मोजता येत नाही. तिथं दुसरी फूटपट्टी लागते आणि ती हेन्रिएटा लेविट या बाईंनी दिली. त्या हार्वर्डमध्ये काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे ठिपके तपासायचं काम करत. काही तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी होतात, मंद होतात, पुन्हा तेजस्वी. यांना सेफीड म्हणतात. दक्षिणेकडच्या आकाशातल्या लहान मॅजेलन मेघ या ताऱ्यांच्या पुंजक्यातले २५ सेफीड त्यांनी तपासले. ते सगळे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. १९१२ मध्ये त्यांनी दाखवलं की जो सावकाश धडधडतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे धडधड मोजली की दिव्याचा वॉट कळला, आणि वॉट माहीत असलेला दिवा किती मिणमिणता दिसतो यावरून तो किती लांब ते कळलं. १९२३ मध्ये हबलला देवयानीतल्या त्या अंधुक पुंजक्यात एक सेफीड सापडला आणि तो पुंजका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची दुसरी दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, ठरला. आजचं मोजमाप २५ लाख प्रकाशवर्षं. येळवसच्या रात्री साडेसातला तो पुंजका ताणाबाणा यांच्या डोक्यावर होता, नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आणि ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते: आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड म्हणजे आपला ध्रुव. लग्नात नवरीला अढळ म्हणून दाखवतात तो तारा दर चार दिवसांनी फुगतो आणि आकसतो. फरक इतका थोडा की डोळ्यांना कळत नाही. सोलापुरातून तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा-अठरा अंशांवर असतो.

आता सातपट चुकीकडं. हबलच्या १९२९च्या आकड्याने, म्हणजे दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ५०० किलोमीटर धरलं तर, विश्वाचं वय जेमतेम २ अब्ज वर्षं निघत होतं. खडकांचं वय त्याहून जास्त येत होतं! आई लेकीपेक्षा लहान. ही अडचण कुणी झाकली नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे बंद ठेवायचा हुकूम होता. त्या अंधारात माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर वॉल्टर बाडे याला देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत हे त्याच्या लक्षात आलं. सेफीडही दोन जातींचे निघाले, आणि हबलने एका जातीची फूटपट्टी दुसऱ्या जातीला लावली होती. १९५२ मध्ये बाडेने हे जाहीर केलं आणि अंतरं एकदम दुप्पट झाली. पुढं आणखी दुरुस्त्या होत होत आकडा सत्तरच्या आसपास आला. आजही दोन रीतींनी दोन आकडे येतात, एकीने ६७-६८ आणि सेफीडच्या वाटेने ७३. हा वाद आज चालू आहे. पण ५०० आणि ७०चा वाद आणि ६७ आणि ७३चा वाद यांत किती अंतर आहे, तुम्हीच बघा.

ताणाबाणा · सोमवार, सकाळी ७:५०

कृत्तिकाताई, पहाटे उठून एवढं लिहिलंत, मनापासून आभार. मुलीला फोनवर वाचून दाखवलं. बोटाचा प्रयोग तिने फोन कानाला लावूनच केला.

एक अडलं. दीर्घिका लांब चालल्यात हे कसं कळतं?

वर्णपट · सोमवार, संध्याकाळी ६:१५

हे तर तुमच्याच धंद्यातलं आहे. नक्षी विणलेलं होजिअरी कापड दोन्ही हातांनी ताणा. नक्षी तीच राहते, फुलामागं पान, पानामागं वेल, पण सगळी अंतरं एकाच प्रमाणात वाढतात. लांबच्या दीर्घिकेच्या वर्णपटात हायड्रोजनच्या, कॅल्शियमच्या ओळखीच्या रेषा त्याच क्रमाने असतात, फक्त सगळ्या तांबड्याकडं सरकलेल्या. हीच ताम्रसृती. वाटेत असताना उजेडाच्या लाटाच ताणल्या गेल्यात. नक्षी ओळखीची नसती तर ताण कळलाच नसता. म्हणून आधी किर्खहोफ-बुन्सेन, मगच हबल. बेल्जियमच्या लमेत्र यांनी प्रसरणाची मांडणी हबलच्या दोन वर्षं आधी, १९२७ मध्ये केली होती, त्यांचं नावही मुलीला सांगा.

एकेका दीर्घिकेच्या पोटातही हीच सरक कामाला येते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीच्या कडेकडेचा तप्त वायू किती वेगाने फिरतो ते असंच मोजलं. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन धरलं तर कडेला वेग उतरायला हवा होता, तो उतरलाच नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथं ओढतंय. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात, आणि ते काय आहे हे आजपर्यंत कुणालाही सांगता आलेलं नाही.

पाषाणकर · सोमवार, रात्री १०:४५

नारळीकर सरांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पुण्यात त्यांची व्याख्यानं ऐकत मोठा झालो. मे २०२५ मध्ये ते गेले.

मुळापासून, सरांना महास्फोट मान्य नव्हता हे खरं. हॉएल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी मांडणी केली आणि शेवटपर्यंत ती लढवली. पण ती लढवली कशावर? निरीक्षणांवरच. तारे, त्यांच्या रेषा, त्यांची वयं हे सगळं त्यांनी मानलंच होतं, वाद होता तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाचा. "आम्ही का मानावा" याला सरांनी उत्तर दिलं असतं, मानू नका, तपासा.

आणि तपासायची सगळ्यांत पक्की जागा म्हणजे तोच हेलियम, देवगडींचा आणि भीमातीर यांचा. तारे पोटात हायड्रोजनचा हेलियम करतात, त्यावरच जगतात. मग असं वाटेल की जुन्या काळी हेलियम अगदी थोडा असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला असेल. पण ज्या दीर्घिकांच्या वायूत लोखंड-प्राणवायू अगदी नाममात्र आहेत, म्हणजे जिथं ताऱ्यांच्या फार पिढ्या झालेल्याच नाहीत, तिथंही वजनाने २४ टक्क्यांच्या आसपास हेलियम सापडतो. त्याच्या खाली कुठंच जात नाही. एवढा हेलियम ताऱ्यांनी केलेला नाही. तो ताऱ्यांच्या आधीचा आहे. विश्व पहिल्या काही मिनिटांत प्रचंड तप्त होतं असं धरून गणित केलं की उत्तर येतं चोवीस-पंचवीस टक्के. सरांवर माझी श्रद्धा आहे, पण या एका हिशेबापुढं मी महास्फोटाच्या बाजूने आहे.

मुळापासून · मंगळवार, सकाळी ९:२०

हे मला पटलं. "त्याच्या खाली कुठंच जात नाही", हे वाक्य रात्रभर डोक्यात होतं. पाषाणकर, वर्णपट, कृत्तिका, तिघांचे आभार. आता उलटा प्रश्न: मग हेलियमच्या पुढचं सगळं, कार्बन, लोखंड, हे ताऱ्यांनीच केलं याला पुरावा काय? आधीपासूनच नसेल कशावरून?

कृत्तिका · मंगळवार, रात्री ८:३०

याला एक नामी पुरावा आहे आणि तो हवा तेवढा सांगितला जात नाही. टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्य आहे. त्याचा एकही प्रकार टिकाऊ नाही. सर्वांत चिवट प्रकारसुद्धा साधारण ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. पृथ्वीवर ते माणसाला करून बघावं लागलं. १९५२ मध्ये पॉल मेरिलला काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात याच टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. ते तारे अब्जावधी वर्षांचे आहेत. जन्मापासूनचं टेक्नेशियम असतं तर केव्हाच संपलं असतं. म्हणजे ते तिथं आता, या घटकेला तयार होतंय. कढईत तापलेली मोहरी तडतडताना दिसली की चूल पेटलेली आहे का, हे विचारावं लागत नाही.

वयांचंही थोडक्यात सांगते. एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांच्या गुच्छात आधी निळे, जडशीळ तारे मरतात, ते इंधन उधळतात. गुच्छात कुठल्या वजनापर्यंतचे तारे उरलेत यावरून गुच्छाचं वय काढतात. आभाळातली कृत्तिका हा असाच गुच्छ, ती अजून निळी आहे, म्हणजे लहान, फार तर दहा-बारा कोटी वर्षांची. सर्वांत जुने गुच्छ १२-१३ अब्ज वर्षांचे निघतात. प्रसरणावरून विश्वाचं वय निघतं १३.८ अब्ज. आई लेकीपेक्षा मोठी झाली एकदाची.

सीनाकाठ · मंगळवार, रात्री ९:१५

नववीच्या पोरीला स्वतः करता येईल असं काही सांगा की. दुर्बीण न घेता.

कृत्तिका · मंगळवार, रात्री ९:५०

आहे! ज्या ताऱ्यावरून सेफीड हे नाव पडलं तो डोळ्यांनी दिसतो. वृषपर्वा समूहातला डेल्टा. संध्याकाळी सातच्या सुमाराला वायव्येकडं, शर्मिष्ठेच्या खाली. त्याच्या अगदी शेजारी दोन तारे आहेत, तिघांचा इवलासा त्रिकोण होतो. शेजाऱ्यांतला एक ठळक, एक फिकट, दोघंही स्थिर. रोज फक्त लिहायचं: आज डेल्टा ठळक शेजाऱ्याजवळ की फिकट शेजाऱ्याजवळ? १७८४ मध्ये गुडरिक नावाच्या, ऐकू न येणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने हे असंच डोळ्यांनी शोधलं होतं. आकडा आत्ता सांगत नाही, तिलाच काढू द्या.

ताणाबाणा · एकोणीस दिवसांनी, रविवार, रात्री १०:०५

धागा वर काढतोय, रागावू नका. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू झाली, शहरात उजेडच उजेड. पण पुतणी गावाकडं आहे, तिथं अंधार आहे.

तिने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर चौकटी आखल्या. चौदा रात्रींपैकी नऊ रात्री तारा दिसला, तीन रात्री ढग, दोन रात्री चंद्राच्या उजेडात फिकट शेजारी सापडेना म्हणून तिने नोंदच केली नाही. मी म्हटलं अंदाजाने भर. "नाही काका, दिसलं नाही तर कसं लिहू?" त्या चौकटी कोऱ्या आहेत.

नोंदी अशा: पहिल्या रात्री मधला. दुसऱ्या रात्री जवळजवळ ठळक शेजाऱ्याइतका. मग रोज थोडा थोडा उतरत पाचव्या-सहाव्या रात्री फिकट शेजाऱ्याच्याही खाली. सातव्या रात्री पुन्हा एकदम वर. तिने स्वतःहून खाली लिहिलंय, "चढतो भरभर, उतरतो सावकाश." आणि काढलेला आकडा: सव्वापाच ते साडेपाच दिवस.

कृत्तिकाताई, बरोबर आहे का?

कृत्तिका · रविवार, रात्री १०:२०

५ दिवस ९ तास. तिचा आकडा बरोबर आहे, आणि भरभर-सावकाश हेही अगदी बरोबर. पुस्तकातल्या आलेखात तेच दिसतं. तो असा का धडधडतो याचं उत्तरही हेलियममध्येच आहे. ताऱ्याच्या एका थरातला हेलियम तापला की उजेडाला वाट देत नाही, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखा उष्णता कोंडून धरतो. तारा फुगतो, थर गार होतो, वाट मोकळी होते, तारा आकसतो आणि पुन्हा तेच. तिने बघितलेला उजेड तिथून सुमारे ९०० वर्षांपूर्वी निघाला होता.

तिला म्हणावं, त्या कोऱ्या चौकटींचं पान फाडू नकोस. आणि वहीचा फोटो इथं टाका, देवगडी आणि भीमातीर दोघंही वाट बघत असतील.